डॉ. निघालेकर (पीटी)

निघालेकर हे त्याचं खरं आडनाव नव्हे. खरं आडनाव क्लिनिकच्या पाटीवर होतं. पण ती पाटी त्याने तात्पुरती म्हणून फ्लेक्सवर छापून घेतली, नाशिकच्या उन्हाने तिचा रंग उडाला, आणि आता तिच्यावर कंसातलं ‘पीटी’, म्हणजे फिजिओथेरपिस्ट, तेवढं वाचता येतं. पक्की पाटी का करून घेत नाहीस, असं विचारलं की उत्तर ठरलेलं, “काका, उगाच खर्च कशाला? निघालोच आहे आता.” गाळ्याचा अकरा महिन्यांचा करार तो दर वेळी शेवटचा म्हणून करतो. पंखा कुरकुरतो, पण बदलत नाही. मोटरसायकलचा विमा भरताना एजंटशी वाद घालतो, की सहा महिन्यांचा मिळत नाही का. शेवटी सोसायटीने त्याचं निघालेकर करून टाकलं. त्यालाही त्याचा राग नाही. रागावून करायचंय काय, निघायचंच तर आहे!

इंदिरानगरातल्या आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर, पिठाच्या गिरणीला लागून त्याचा गाळा. आत दोन कॉट, मधे हिरवा पडदा, एक दुखण्यावर सौम्य विद्युतप्रवाह सोडणारं आयएफटीचं मशीन, एक अल्ट्रासाउंडचं, भिंतीवर बोटं चालवत न्यायची लाकडी शिडी आणि वर पुली. कॉटखाली एक कोरी करकरीत ट्रॉली बॅग. विमानात तेवीस किलो चालतात म्हणून तेवढ्याच मापाची, सेलमध्ये घेतलेली. तिच्यात सध्या नॅपकिन, क्रेप बँडेजं आणि शेकायच्या पिशव्या असतात. इतर फिजिओंच्या भिंतीवर मणक्याचं चित्र असतं. याच्या भिंतीवर चार रकान्यांचा तक्ता आहे : ब्रिटन, अमेरिका, ऑस्ट्रेलिया, जर्मनी. आडव्या ओळींत पात्रता, भाषा, परीक्षा, फी, वय, बायको. सगळा तक्ता पेन्सिलीने लिहिलेला. “पूर्वी शाईने लिहायचो,” तो म्हणतो, “खाडाखोड फार व्हायची.”

माणूस गुणी आहे, हे आधीच सांगितलेलं बरं. हाताला यश आहे. आमच्या मजल्यावरचे कर्नलसाहेब वॉकर धरून आले होते, ते आता भाजी आणायला पायी जातात आणि भाजीवाल्याशी उभ्या उभ्या भांडतात. अडचण एवढीच, की याच्याकडे उपचार घ्यायचे तर त्यासोबत आप्रवासन कायदा फुकट घ्यावा लागतो. आयएफटीचे पॅड गुडघ्याला चिकटवून त्याने पंधरा मिनिटांचा टायमर फिरवला, की पेशंटला पळून जाता येत नाही. मग तो स्टूल पुढे ओढतो.

“काका, तुम्हाला माहितीये का, ब्रिटनच्या हेल्थ अँड केअर व्हिसावर आरोग्य सरचार्ज माफ असतो?”

“अरे, पण माझा गुडघा—”

“वर्षाला १,०३५ पौंड वाचतात माणशी! गुडघा ढिला सोडा.”

या पद्धतीने आमच्या सोसायटीतल्या ज्येष्ठ नागरिकांना जी माहिती झाली आहे ती परराष्ट्र खात्यातल्या माणसांनाही असेल की नाही, शंका आहे. संध्याकाळी कट्ट्यावर एक आजोबा दुसऱ्यांना सांगताना मी ऐकलंय, “तुमच्या नातीचं स्पॉन्सरशिप सर्टिफिकेट आलं का? नाही? मग क्षयाची तपासणी आत्ता करू नका. सहाच महिने चालतं ते.” सांगणारे आजोबा आयुष्यात मनमाडच्या पुढे गेलेले नाहीत.

ब्रिटन हा निघालेकरचा जुना जिव्हाळ्याचा विषय. तिथे ‘फिजिओथेरपिस्ट’ ही उपाधी कायद्याने राखीव आहे. हेल्थ अँड केअर प्रोफेशन्स कौन्सिल, म्हणजे एचसीपीसीच्या नोंदवहीत नाव नसेल तर ती लावता येत नाही. हे ऐकूनच तो त्या देशाच्या प्रेमात पडला. आपल्याकडे या मंडळींच्या नावाआधीच्या ‘डॉ.’वरून कायमचा तंटा. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने एक दिवस पत्र काढलं, की फिजिओंनी ‘डॉ.’ लावू नये, आणि दुसऱ्याच दिवशी ते मागे घेतलं. त्या रात्री निघालेकर झोपला नाही. “पाटी फ्लेक्सची होती म्हणून वाचलो,” एवढंच म्हणाला. ब्रिटनमध्ये फिजिओला कोणी डॉक्टर म्हणतच नाही, पेशंट सरळ पहिल्या नावाने हाक मारतो, हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, “चालेल. पण नोंदवहीत नाव पाहिजे.”

आणि नाव आहे! आयएल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेत एकूण सात आणि कुठल्याही भागात साडेसहाच्या खाली नाही, अशी अट असते. ती त्याने पार केली, कागद जमवले, फी भरली, आणि एचसीपीसीने त्याला नोंदवून घेतलं. तेव्हापासून इंदिरानगरात पिठाच्या गिरणीशेजारी ब्रिटनचा एक नोंदणीकृत फिजिओथेरपिस्ट बसतो. नोंदणीचं दर दोन वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं, ते तो पौंडांत करतो. ज्या देशात पाऊल टाकलं नाही त्याची वर्गणी इतक्या नियमाने भरणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. आमच्या गणेशोत्सवाची मात्र दोन वर्षांची बाकी आहे.

त्या नोंदणीसाठी लागलेल्या कागदांची कथा खुद्द त्याच्याच तोंडून ऐकावी. परदेशातल्या कौन्सिलला नुसती गुणपत्रिका पुरत नाही. साडेचार वर्षांच्या बीपीटीत, म्हणजे फिजिओथेरपीच्या पदवीत, कोणता विषय किती तास शिकवला, त्यात वर्गात किती, प्रयोगाचे किती, वॉर्डात पेशंटपाशी किती, हे सगळं कॉलेजच्या सही-शिक्क्यानिशी हवं असतं. कॉलेज लांब, पश्चिम महाराष्ट्रातलं. हा एसटीने गेला. खिडकीतल्या क्लार्कने फॉर्म उलटासुलटा करून पाहिला.

“एवढे तास तुम्ही खरंच बसला होतात?”

“बसलो होतो ना, हजेरीपट बघा.”

“हजेरीपट मीच लिहायचो. म्हणून तर विचारतोय.”

मग कळलं, की त्याच्या वेळचा अभ्यासक्रम बदललाय, जुन्या अभ्यासक्रमाची प्रत ज्या कपाटात आहे त्याची किल्ली ज्यांच्याकडे होती ते निवृत्त झालेत, आणि प्राचार्य पुतण्याच्या लग्नाला गेलेत. निघालेकरने लॉजवर मुक्काम ठोकला. निवृत्त गृहस्थांच्या घरी जाऊन किल्ली आणली. कपाटातून अभ्यासक्रम काढला आणि क्लार्कच्याच संगणकावर बसून शरीररचनाशास्त्रापासून समाजाधारित पुनर्वसनापर्यंत सगळ्या विषयांच्या तासांचा तक्ता स्वतः टाइप केला. प्राचार्य आले, सही झाली, लिफाफा बंद झाला, चिकटवलेल्या जागेवर आडवा शिक्का बसला. निघताना क्लार्क म्हणाला, “ही फाइल इथेच राहू द्या. बरी झालीय.”

तेव्हापासून त्या कॉलेजातून जो कोणी परदेशी जातो त्याला हाच तक्ता छापून मिळतो, फक्त वरचं नाव बदलून. त्याचे ज्युनियर बर्मिंगहॅमला गेले, मेलबर्नला गेले, दुबईला गेले. सगळ्यांच्या पाकिटात याने टाइप केलेले तास होते. रकान्यातली एक टंकनाची चूकसुद्धा तशीच सगळीकडे जाऊन आली. याला त्याचा केवढा अभिमान!

अमेरिकेचं प्रकरण जरा वेगळं आहे. तिथे फिजिओला म्हणतात फिजिकल थेरपिस्ट, आणि त्यांची व नर्सची तिथल्या कामगार खात्याने पूर्वीपासून एक खास यादी केली आहे : शेड्यूल ए. या यादीतल्यांसाठी मालकाला ‘आम्ही अमेरिकन माणूस शोधला, मिळाला नाही’ असं कामगार खात्याकडून सिद्ध करून आणावं लागत नाही. म्हणजे टंचाई सरकारनेच मान्य केलेली. पदव्यांची तपासणी एफसीसीपीटी नावाची संस्था करते, मग राष्ट्रीय परीक्षा, तिच्यात ८०० पैकी ६०० चा मापांकित गुण. हे सगळं जमलं, की माणूस ग्रीन कार्डाच्या रांगेत उभा राहतो, आणि तिथे त्याला कळतं, की टंचाई तिकडे असली तरी रांग इकडे आहे. कुठल्याही एका देशाच्या वाट्याला एकूण व्हिसांतले सात टक्क्यांहून जास्त येत नाहीत, त्यामुळे २०२५ साली भारतीयांच्या रांगेत २०१२-१३ च्या अर्जांचा नंबर लागत होता. अमेरिकेचं परराष्ट्र खातं दर महिन्याला एक पत्रक काढतं, त्यात तारीख कधी पुढे सरकते, कधी चक्क मागे जाते. निघालेकर ते पत्रक पंचांगासारखं वाचतो आणि दोन्हींचा परिणाम सारखाच होतो : करायचं ते काम पुढे ढकललं जातं.

दुसरी वाट एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाची. तिथे वर्षाला ८५,००० जागा आणि सोडत. २०२५ च्या सप्टेंबरात नव्या अर्जांवर एक लाख डॉलरची रक्कम लागली, तेव्हा निघालेकरने तक्त्यातली ती नोंद खोडरबराने पुसून काढली, फुंकर मारली आणि म्हणाला, “चला, एक निर्णय तरी सोपा झाला.”

पण त्याच्याही आधी, लग्नाच्या वयात असताना, त्याला त्या कायद्यात एक खिडकी सापडली होती. ग्रीन कार्डाची रांग नागरिकत्वावर ठरत नाही, जन्म कुठल्या देशात झाला यावर ठरते. आणि नवऱ्याला हवं असेल तर बायकोच्या जन्माच्या देशाच्या रांगेत उभं राहता येतं. हे कळल्यावर तो वधूवर सूचक मंडळात गेला. तिथल्या बाईंनी नेहमीप्रमाणे विचारलं, “मुलीबद्दल अपेक्षा काय?”

“शिक्षण कुठलंही चालेल. रंग-उंचीचं काही नाही. पत्रिका नाही बघणार.”

बाई खूश झाल्या.

“फक्त मुलगी मस्कतला जन्मलेली असावी.”

“कुठे?”

“मस्कत, कुवेत, बहरीन. टांझानियासुद्धा चालेल.”

बाईंनी पस्तीस वर्षांत मंगळ पाहिला होता, एकनाड पाहिली होती, सगोत्र पाहिलं होतं. जन्मस्थळ पाहून मुलगी नाकारणारा त्यांना पहिल्यांदाच भेटला. तरी बिचाऱ्यांनी आखातात नोकरी केलेल्या एका कुटुंबातली मुलगी शोधली. पण तिची आई बाळंतपणासाठी माहेरी, चाळीसगावला आली होती. निघालेकर आजही हळहळतो, “दोन महिने तिकडेच थांबल्या असत्या तर?”

मग सिन्नरची मुलगी बघितली. सहकारी बँकेत नोकरी, स्वभाव हसरा. पण मुलीच्या वडिलांनी टीव्हीवर बातमी पाहिलेली, की ब्रिटनला काळजीवाहू कामगारांना बायको-मुलं नेता येत नाहीत. ते म्हणाले, “तुम्ही जाणार, आमची पोरगी इथेच राहणार. मग उपयोग काय?” निघालेकरने चहाचा कप खाली ठेवला आणि खिशातून पेन काढलं. ती बंदी ११ मार्च २०२४ पासूनची, ती केअर वर्करला, त्यांचे व्यवसाय क्रमांक ६१३५ आणि ६१३६, फिजिओचा क्रमांक २२२१, त्याला कुटुंब नेता येतं, हे त्याने पोह्यांच्या बशीखालच्या कागदावर मांडून दाखवलं. सासरेबुवा पाटबंधारे खात्यातले. क्रमांकांवर त्यांचा विश्वास. लग्न ठरलं.

ते झालं आणि ऑस्ट्रेलियाने दगा दिला. तिथल्या कायम निवासाच्या कौशल्य-व्हिसाला गुण मोजतात, किमान ६५ लागतात, आणि प्रत्यक्षात बोलावणं यायला त्याहून जास्त. वय २५ ते ३२ असेल तर ३० गुण, ३३ लागलं की २५, चाळिशीत १५, आणि पंचेचाळीस झाले की वाट बंद. तेहतिसाव्या वाढदिवसाला बायकोने केक आणला. हा उदास. “सुरी नको लावूस,” म्हणाला, “आज पाच गुण गेले.” त्याहून गंमत पुढेच आहे. अविवाहित अर्जदाराला तिथे १० गुण मिळतात. बायको तिथल्या यादीतल्या व्यवसायाची, पात्रता तपासून घेतलेली असेल तरी १०. पण तिला नुसतं पुरेसं इंग्रजी येत असेल तर ५. बँकेतली कारकुनी त्या यादीत कुठे बसेना. म्हणजे लग्न केल्याने नवऱ्याची किंमत पाचाने उतरते, हे ऑस्ट्रेलिया सरकारने लेखी दिलेलं आहे. निघालेकरने हे बायकोला सांगितलं. तिने शांतपणे ते पाच मिळवायला आयएल्ट्स दिली आणि याच्यापेक्षा अर्धा बँड जास्त आणला. त्या आठवड्यात त्याने आम्हा कोणालाच नियम सांगितले नाहीत.

ऑस्ट्रेलियाची परीक्षाही साधी नाही. तिथल्या फिजिओथेरपी कौन्सिलकडे आधी कागदांची छाननी, मग लेखी, मग प्रत्यक्ष. त्यात हृदय-श्वसन, स्नायू-सांधे आणि मेंदू-मज्जा अशा तिन्ही अंगांचं काम तपासतात. “आपल्याकडे बीपीटी झाल्यावर दिवसभर गुडघेच गुडघे,” तो म्हणतो. “व्हेंटिलेटरवरच्या पेशंटची छाती हाताळून किती वर्षं झाली!” मग त्याने सराव सुरू केला. सोसायटीत कोणाला साधा खोकला झाला तरी हा स्टेथोस्कोप घेऊन दारात उभा. एका बाईंना बोलता बोलता कुशीवर वळवून त्यांच्या पाठीवर थापट्या मारायला लागला. त्या धुण्याची बादली खाली ठेवायलाही विसरल्या.

जर्मनीचा रकाना २०२४ मध्ये भरला. त्या फेब्रुवारीत महाराष्ट्र सरकारने बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, पेपरात मोठी बातमी आली, आणि निघालेकरने जर्मनचा ऑनलाइन क्लास लावला. जर्मनीत फिजिओथेरपी हा मुख्यतः तीन वर्षांचा व्यवसाय-अभ्यासक्रम आहे. आपली पदवी त्याच्याशी ताडून बघतात, कमी पडेल तिथे तिकडे काही महिने शिकून घ्या किंवा परीक्षा द्या म्हणतात. भाषा मात्र बी-टू पातळीपर्यंत यावीच लागते. पेशंटला ‘कुठे दुखतंय’ विचारायचं तर त्याचं उत्तरही कळायला हवं, हा त्यांचा आग्रह. याने सरावासाठी व्यायाम जर्मनमध्ये मोजायला सुरुवात केली. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी, टाच वर, गुडघा खाली दाबा, “आइन्स, त्स्वाय, द्राय, फिअर, फ्युन्फ... सोडा.” तळमजल्यावरच्या आजींना ते इतकं पाठ झालं, की त्या आता तुळशीला प्रदक्षिणाही जर्मनमध्ये मोजतात. निघालेकर स्वतः ए-टूवर थांबला. आजी पुढे जातील असं वाटतं.

इतकं सगळं कळत असून हा गेला का नाही, हा प्रश्न तुम्हाला पडला असेल. आम्हालाही पडायचा. २०२५ च्या उन्हाळ्यात त्याचा उलगडा झाला. उत्तर इंग्लंडमधल्या एका रुग्णालयाने त्याची ऑनलाइन मुलाखत घेतली. शर्ट-टाय वर आणि खाली ट्रॅकपँट अशा वेषात त्याने ती दिली, आणि चक्क नोकरी देऊ केल्याचं पत्र आलं! तिथल्या वेतनश्रेणीतला बँड ५, सुरुवातीचा पगार वर्षाला ३१,०४९ पौंड, प्रायोजकत्व देणार. तिथल्याच नव्या पदवीधर फिजिओंना जागा मिळेनात अशी ओरड चालू असताना हे आलेलं. आमच्याकडे पेढे वाटले गेले. रुग्णालयाने दोन आठवड्यांत होकार मागितला होता.

पण त्याच वर्षीच्या मे महिन्यात ब्रिटिश सरकारने श्वेतपत्रिका काढली होती, की कायम निवासासाठी पाच वर्षांऐवजी दहा वर्षं करावीत. निघालेकरने ती पत्रिका छापून घेतली, रात्र रात्र जागून तिच्यावर पिवळ्या पेनाने खुणा केल्या, आणि रुग्णालयाला पत्र पाठवलं. होकार कळवण्याआधी काही शंका : दहा वर्षांचा नियम आधीपासून असलेल्यांना लागू होईल का? मध्येच पगाराची किमान रक्कम वाढली तर रुग्णालय वाढवून देईल का? इंग्रजीची पातळी बदलली तर जुना निकाल चालेल का? पत्राला पुरवणी जोडलेली. तिकडे रुग्णालयात जी कोणी बाई होती तिला फक्त वॉर्डात पाठीचे पेशंट बघायला माणूस हवा होता. तिने नम्र उत्तर पाठवलं, की या गोष्टी गृहखात्याच्या अखत्यारीतल्या आहेत. याने त्या उत्तरावर उपप्रश्न विचारले. दोन आठवडे संपले.

ती जागा कोणाला मिळाली? त्याच्याच कॉलेजच्या, तीन वर्षांनी मागच्या मुलीला. तासांचा तक्ता याचाच. तिने रुग्णालयाला एकच प्रश्न विचारला होता, “कधी रुजू होऊ?” विमानतळावरून तिने याला फोन केला, सर म्हणून आभार मानले आणि विचारलं, की थंडीसाठी काय न्यावं. याने तिला पाऊण तास कर आणि राष्ट्रीय विम्याचे नियम समजावले.

तेव्हा निघालेकरची खरी जात आम्हाला कळली. जाणारे लोक नियम अर्धेच वाचतात आणि अर्ज भरतात. हा पूर्ण वाचतो, आणि पूर्ण वाचून होईपर्यंत नियम बदललेला असतो. जुलै २०२५ मध्ये साध्या स्किल्ड वर्करची पगाराची अट ४१,७०० पौंडांवर गेली, परदेशातून नवे केअर वर्कर घेणं बंद झालं, जानेवारी २०२६ पासून व्हिसासाठी इंग्रजी बी-वनऐवजी बी-टू लागू झालं. फिजिओंना यातलं काय लागू, काय नाही, हे त्याला झोपेत विचारलं तरी तो सांगेल. फक्त त्याचा स्वतःचा अर्ज ‘ड्राफ्ट’मध्ये आहे. “एकदा नियम स्थिर होऊ देत,” म्हणतो. दरम्यान आयएल्ट्सचा निकाल दोन वर्षांत शिळा होतो, पोलिसांचा दाखला त्याहून लवकर. घरातल्या कागदांत मुदत नसलेला एकच कागद आहे, तो लग्नाचा.

पण म्हणून त्याला हसण्यावारी न्यावं, तर निफाडचे बापलेक आठवतात. ते आले तेव्हा मी कॉटवर पॅड लावून पडलो होतो. पोरगा बीपीटी झालेला, वडील द्राक्षवाले. एका एजंटने सांगितलं होतं, आधी लाखांत पैसे भरा, ‘स्पॉन्सरशिप’ हातात देतो, तिकडे गेल्यावर नोंदणीचं बघू. नाहीतर दुसरा पर्याय, एमएस्सीला पाठवतो, मग आपोआप फिजिओची नोकरी. निघालेकरने ऐकून घेतलं. आवाज चढला नाही. त्याने ब्रिटिश सरकारची प्रायोजक मालकांची यादी उघडली, ती सगळ्यांना मोफत बघता येते, आणि पोराच्या हातात मोबाइल दिला. “शोध एजंटने सांगितलेलं नाव. मिळालं? नाही ना? आणि मिळालं असतं तरी यादीत नाव असणं म्हणजे नोकरी असणं नव्हे. प्रायोजक परवान्याचे आणि सर्टिफिकेटचे पैसे कामगाराकडून उकळायला मालकाला डिसेंबर २०२४ अखेरपासून बंदी आहे. जो ते मागतो तो एकतर फसवतोय किंवा कायदा मोडतोय.”

“मग एमएस्सी?” पोराने विचारलं.

“कुठली एमएस्सी? नोंदणीपूर्व अभ्यासक्रम असेल, एचसीपीसीने मान्य केलेला, तर गोष्ट वेगळी. नुसती स्पोर्ट्सची, नाहीतर ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ फिजिओथेरपीची एमएस्सी करून नोंदवहीत नाव येत नाही. नोंदणीचा अर्ज तुला भारतातल्या पदवीवर वेगळा करावाच लागतो. तो इथे बसून होतो, मग तिकडे भाडं भरत का करायचा? शिक्षणानंतर नोकरी शोधायला दोन वर्षं मिळायची, १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना दीडच मिळणार. किती पोरं तिकडे फिजिओचा साहाय्यक म्हणून नाहीतर वृद्धाश्रमात राबतायत, पाठ सगळ्यांची मोडलीय, फिजिओकडे जायला पैसे नाहीत.”

वडिलांनी खिशाला हात घातला. “तुमचे किती झाले?”

“काही नाही. तुमचा उजवा खांदा वाकडा चालतोय. फवारणीचा पंप एकाच खांद्याला अडकवता का?”

वडील चपापले. निघालेकरने त्यांना शिडीपाशी उभं केलं, बोटं वर चालवायला लावली, दुखलं तिथे थांबवलं. कोणीही तोपर्यंत त्यांना दुखतं का म्हणून विचारलं नव्हतं. त्यांनीही सांगितलं नव्हतं. पंधरा मिनिटांचा माझा टायमर केव्हाच वाजून गेला होता, आणि पहिल्यांदाच मला त्याची घाई नव्हती.

भारतातलं फिजिओथेरपीचं पहिलं विद्यालय १९५३ साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात सुरू झालं. तेव्हापासून आपण हे हात घडवतो आहोत, आणि त्या हातांची मागणी जगभर आहे. तुमच्या घरात, शेजारात कोणी बीपीटी झालेलं असेल आणि बाहेरचं बघत असेल, तर ब्रिटनपुरता तरी क्रम लक्षात ठेवा : आधी तिथली नोंदणी, मग नोकरी, मग व्हिसा. हा क्रम उलटा सांगणाऱ्याला एक रुपया देऊ नका. शंका असेल तर इंदिरानगरात गिरणीशेजारी या, पाटीवर ‘पीटी’ एवढंच दिसेल. सल्ला जरूर घ्या, तो फुकट आणि चोख मिळतो. पण कित्ता गिरवू नका. पत्र आलं की होकार कळवा, आणि उरलेले प्रश्न तिकडे पोचल्यावर विचारा.